पायोरियात हाड कोण खातं?

हिरडीतून रक्त येऊ लागलं, दात हलू लागले की दोष जंतूंवर जातो. जंतू असतातच, पण दाताभोवतीचं हाड ते स्वतः खात नाहीत. ते काम आपल्याच पेशी करतात, तेही त्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तिथे मुबलक असताना.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. रक्तातून पाझरलेला द्रव या खाचेतून सतत बाहेर येत असतो, पण अगदी नाममात्र. संशोधनासाठी तो गोळा करायचा तर शोषक कागदाची अरुंद पट्टी खाचेच्या तोंडाशी ३० सेकंद ठेवतात, आणि हाती येतो तो बहुधा १ मायक्रोलिटरहूनही कमी. एवढ्याशा द्रवात आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं असतात, कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात आणि जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी असतात. लाळेतली प्रतिपिंडं वेगळी. ती आयजीए प्रकारची. लाळग्रंथींतून येतात आणि जंतूंना एकमेकांना चिकटवून थुंकीबरोबर पोटात धाडतात. तोंडाच्या पृष्ठभागावर त्यांचा उपयोग आहे, पण हिरडीखालच्या खाचेतला द्रव आतून बाहेर वाहत असल्यामुळे लाळ तिथे फारशी पोचतच नाही. पायोरियाची लढाई होते ती खाचेतल्या द्रवात आणि तिला लागून असलेल्या हिरडीत.

डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हाराल्ड लोए या दंतसंशोधकाने १९६५ साली केलेला प्रयोग दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात सूज उतरली. सूज चढत असताना हिरडीत काय घडतं, हे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं. पहिल्या २ ते ४ दिवसांत न्यूट्रोफिल धावून येतात. आठवडाभरात टी-लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी या पांढऱ्या पेशी, जमतात. २-३ आठवड्यांनी बी-पेशी आणि त्यांच्यापासून बनलेल्या, प्रतिपिंडं तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी यांची गर्दी होते. प्रतिपिंडांची फौज उशिरा येते, आणि एकदा आली की जुनाट आजारात तीच सगळ्यात जास्त दिसते.

मग ती जिंकत का नाही? प्रतिपिंडाचं काम जंतूवर खूण करण्याचं. वाय आकाराच्या रेणूचे दोन हात जंतूला धरतात आणि देठ न्यूट्रोफिलला पकडायला मोकळा राहतो. त्याच देठाला कॉम्प्लिमेंटचा पहिला घटक चिकटतो, मग एकामागून एक प्रथिनं चिरली जाऊन त्यातल्या सी-३ या प्रथिनाचा सी-३ बी हा तुकडा जंतूवर लेपला जातो आणि गिळणं आणखी सोपं होतं. पण इथले जंतू सुटे नसतात. दाताच्या मुळावर ते चिकट थराच्या आत राहतात आणि तो थर हळूहळू कीटण होऊन दगडासारखा बसतो. प्रतिपिंडं आणि न्यूट्रोफिल त्या थराच्या फक्त बाहेरच्या अंगाला भिडतात.

त्यातही पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू विशेष बिलंदर. त्याची जिंजिपेन नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, आयजीजीच्या हात आणि देठ यांमधल्या सांध्यावरच वार करतात. हात जंतूला धरून राहतात, देठ तुटून पडतो, आणि जागा अडल्यामुळे नवीन प्रतिपिंडालाही तिथे बसता येत नाही. हीच विकरं कॉम्प्लिमेंटचं सी-३ निकामी करतात. सी-५ हे कॉम्प्लिमेंटचंच दुसरं प्रथिन मात्र असं चिरतात, की सूज वाढवणारा सी-५ ए हा तुकडा मोकळा होतो. जंतूला सूज हवी असते. सुजलेल्या ऊतीतून फुटलेली प्रथिनं आणि लोह पाझरतं, आणि तेच त्याचं अन्न.

नुकसान होतं ते या रेंगाळलेल्या लढाईत. जंतू हाती लागत नाही, तेव्हा न्यूट्रोफिल आपली विकरं बाहेरच ओततात. त्यातलं एमएमपी-८ हे विकर दाताला हाडाशी बांधणारं कोलॅजन हे तंतूंचं प्रथिन कापतं. टी आणि बी पेशी रँकल नावाचं प्रथिन बनवतात. त्याच्या इशाऱ्यावर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी, तयार होतात. प्रतिपिंडं बनवणारा पेशींचा वंश हाड जाण्यालाही हातभार लावतो, ही या आजारातली सगळ्यात विचित्र गोष्ट.

याचा अर्थ प्रतिपिंडं कुचकामी, असा नाही. ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स हा जंतू न्यूट्रोफिल मारणारं विष सोडतो आणि प्रतिपिंडं ते विष निष्प्रभ करतात. कोवळ्या वयात होणाऱ्या पायोरियात ज्यांच्यात या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं जास्त, त्यांच्यात आजार बहुधा पुढचे दात आणि पहिल्या दाढा एवढ्यावरच अडलेला आढळतो. तरीही खरा भार न्यूट्रोफिलवरच आहे. जन्मजात आयजीए नसलेल्यांच्या हिरड्या ठळकपणे जास्त बिघडलेल्या दिसत नाहीत. पापियों-लेफेव्र या दुर्मीळ आनुवंशिक विकारात कॅथेप्सिन-सी हे विकर नसल्याने न्यूट्रोफिलची हत्यारं तयारच होत नाहीत. अशा मुलांचे दुधाचे दात चौथ्या-पाचव्या वर्षी आणि कायमचे दात बहुधा विशीच्या आत पडतात.

कॉम्प्लिमेंटलाच आवर घालायचा प्रयत्नही झाला आहे. सी-३ रोखणारं एएमवाय-१०१ हे औषध सुजलेल्या हिरडीत आठवड्याला एक याप्रमाणे तीन वेळा टोचलं, तर सूज आणि रक्तस्राव कमी झाला, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. दवाखान्यात ते अजून मिळत नाही.

तोवर उपाय एकच: थर घासून-खरवडून काढणं. फक्त अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन भागत नाही, कारण थराच्या आत त्या नीट पोचत नाहीत. चूळ भरायचं औषध खोल खाचेत उतरत नाही. दंतवैद्य खुणांच्या बोथट सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात, साधारण २५ ग्रॅम दाबाने. जास्त दाबलं तर सळई सुजलेल्या ऊतीत घुसते आणि आकडा फुगतो. ४ मिलिमीटर किंवा जास्त खोली आणि सोबत रक्त, म्हणजे हिरडीखालचं कीटण काढायला हवं. ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. ६ मिलिमीटरच्या खाचा उरल्याच तर शस्त्रक्रियेचा विचार. या सफाईनंतर मधुमेहींचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, तोही काही महिन्यांत थोडा उतरतो.

‘दात साफ केले की हलतात’ हा आपल्याकडचा जुना समज. हलणारा दात कीटणाच्या आधाराने घट्ट भासत असतो. ते निघालं, सूज उतरली, की मूळ उघडं पडतं, फट दिसते, गार पाण्याने सणक येते. हाड आधीच गेलेलं असतं.

घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत धरून, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. दातांच्या फटींत ब्रशचे केस जात नाहीत, तिथे फटीच्या मापाचा छोटा ब्रश रोज एकदा फिरवायचा. मिश्रीने मात्र हिरड्या ‘घट्ट’ होत नाहीत. जिथे ती घासतात तिथे हिरडी मागे सरकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून आजार दबून राहतो आणि लोक उशिरा येतात. ओढणं सोडल्यावर पहिले काही आठवडे रक्त उलट जास्त दिसू शकतं. तेव्हा घाबरून ब्रश बंद करू नये.