रिबूट आणि मल्टिव्हर्स: दिसायला सारखे, पण एक नव्हेत

परवा भाच्याने विचारलं, मामा, वुल्व्हरीन तर २०१७ च्या 'लोगन'मध्ये मेला होता ना, मग २०२४ ला परत कसा आला, रिबूट झाला का? मी म्हटलं नाही रे, ते मल्टिव्हर्स. तर म्हणे एकच की ते. एकच नाहीये! आणि हा घोळ त्याच्या एकट्याचा नाही, वर्षानुवर्षं हे सुपरहिरोंचे सिनेमे बघणारेसुद्धा दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात, म्हणून जरा नीट लिहितो.

रिबूट म्हणजे पाटी पुसून परत श्रीगणेशा. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' लिहितात, थोडंसं तसं, फक्त तिथे संहिता तीच असते आणि इथे संहिताही नवी. स्पायडरमॅनचं बघा. २००२, २००४, २००७ असे टोबी मॅग्वायरचे तीन सिनेमे झाले, चौथा व्हायचा होता तो २०१० ला रद्द झाला आणि २०१२ ला अँड्र्यू गारफिल्डला घेऊन परत शाळेतला पीटर (मुखवट्यामागचा स्पायडरमॅन), परत कोळी चावणं, परत त्याच्या काकाचा, अंकल बेनचा मृत्यू. दहा वर्षांत तेच सगळं दुसऱ्यांदा. या नव्या पीटरला टोबीवाल्या पीटरचा पत्ताच नाही कारण त्याच्या जगात तो कधी नव्हताच, आणि आपणही थिएटरमध्ये काही माहीत नसल्यासारखं बसायचं.

मल्टिव्हर्स म्हणजे एकाच वेळी अनेक जगं, त्यात पाटी पुसत नाहीत. जुनं जग तिकडे जसंच्या तसं चालू आहे, नवं इकडे आहे, आणि मधला दरवाजा उघडतो. म्हणून माझी ओळखायची खूण एकच: आधीच्या सिनेमात जे घडलं ते या सिनेमातल्या कुणालातरी आठवतंय का? आठवत असेल तर मल्टिव्हर्स, कुणालाच आठवत नसेल तर रिबूट.

ही आठवण काय करू शकते ते स्पायडरमॅनच्याच 'नो वे होम'मध्ये बघा (डिसेंबर २०२१, लॉकडाऊननंतर थिएटरमध्ये तेवढा आरडाओरडा मी पहिल्यांदा ऐकला). अँड्र्यूच्या २०१४ च्या सिनेमात त्याची प्रेयसी ग्वेन घड्याळाच्या टॉवरमध्ये खाली पडते, त्याने फेकलेलं जाळं तिच्यापर्यंत पोचतं पण उशिरा पोचतं, ती मरते. त्यानंतर ती मालिकाच बंद पडली, म्हणजे त्या पीटरचं दुःख तसंच अर्धवट लटकलेलं. सात वर्षांनी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीवरून एमजे पडते, तिचा प्रियकर म्हणजे टॉम हॉलंडवाला पीटर (अँड्र्यूनंतरचा तिसरा स्पायडरमॅन) झेपावतो पण त्याला मधेच धडक बसते, आणि दरवाजातून या जगात आलेला अँड्र्यू उडी मारून तिला झेलतो. जमिनीवर आल्यावर तिला विचारतो ठीक आहेस ना, ती हो म्हणते आणि मग त्याचा चेहरा बघून उलट तीच त्याला विचारते. तो फक्त मान हलवतो, डोळे भरलेले. हा सीन रिबूटमध्ये कुणी कितीही चांगला लिहिला तरी उभा राहणार नाही, कारण त्याची अर्धी पटकथा आपल्या डोक्यात २०१४ पासून पडून आहे.

मग गल्लत होते कुठे? तर कॉमिक्सपासूनच दोन्ही एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढलेत. १९६१ मध्ये डीसी या कॉमिक्स कंपनीच्या एका अंकात फ्लॅश या सुपरहिरोचा नवा अवतार जुन्या, १९४० च्या दशकातल्या फ्लॅशला भेटला, तो दुसऱ्या पृथ्वीवर राहतो असं सांगून. पृथ्व्या वाढत वाढत इतक्या झाल्या की १९८५ ला 'क्रायसिस'ची मालिका काढून सगळ्या मोडीत काढल्या, एकच ठेवली, आणि १९८६ ला सुपरमॅन पहिल्यापासून सुरू केला. म्हणजे मल्टिव्हर्सच्या गोष्टीनेच रिबूट केला! सिनेमात आणखी एक कारण येतं ते म्हणजे पात्रांचे हक्क. वुल्व्हरीन फॉक्स या स्टुडिओकडे होता, २०१९ ला डिस्नेने फॉक्सचा सिनेमाचा धंदा विकत घेतला, आता त्या पात्रांना आपल्या घरात आणायचं तर दुसऱ्या विश्वाचा दरवाजा सगळ्यात सोयीचा.

पण मला मनापासून जे आवडलं ते २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ने केलं. तो मराठीतही डब होऊन आला होता, आणि त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं मुंबॅटन शहर आहे, तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. पूल कोसळतो, पवित्र त्याच्या प्रेयसीला, गायत्रीला वाचवतो आणि माइल्स (या सिनेमाचा नायक, आणखी एका जगातला स्पायडरमॅन) तिच्या वडिलांना, इन्स्पेक्टर सिंगना. ग्वेन (ही वेगळ्या जगातली, जिवंत) माइल्सला अडवायला बघते तरी तो जातो. आपल्याला हुश्श वाटतं, आणि तेवढ्यात त्या जगाला भोक पडायला लागतं, कारण म्हणे प्रत्येक स्पायडरमॅनच्या गोष्टीत जवळचा एक पोलीस अधिकारी मरायलाच हवा, ते ठरलेलं आहे. बघा काय केलंय! इतकी वर्षं रिबूटनी आपल्याला तेच तेच मृत्यू परत दाखवले आणि आपण नियम म्हणून मान्य केले, आणि हा सिनेमा त्या नियमालाच समोर उभा करून विचारतो की हे ठरवलं कुणी.

रिबूट पण बदललाय हे सांगायला हवं. २०१३ ला सुपरमॅन सुरू केला तेव्हा त्याच्या ग्रहाचा, क्रिप्टॉनचा नाश चांगला निवांत दाखवला होता. २०२५ च्या जुलैत आलेल्या नव्या 'सुपरमॅन'मध्ये दिग्दर्शक जेम्स गनने तो भागच गाळला. पडद्यावर काही ओळी येतात, तीनशे वर्षांपूर्वी असं, तीस वर्षांपूर्वी तसं, आणि तीन मिनिटांपूर्वी सुपरमॅन पहिल्यांदा लढाई हरला, की धप्प, तो बर्फात पडलेला. मला हे फार पटलं. लहान मुलांनाही तो कुठून आला ते माहीत आहे, मग त्यात अर्धा तास कशाला घालवायचा.

त्याच जुलैत आलेल्या 'फँटॅस्टिक फोर'ला माझी खूण लावलीत तर मात्र अडाल. २००५ आणि २०१५ च्या सिनेमांचं त्यात कुणाला काही आठवत नाही, म्हणजे रिबूट. पण ती गोष्ट अ‍ॅव्हेंजर्सच्या (आयर्न मॅन वगैरे सुपरहिरोंच्या) पृथ्वीवर घडतच नाही, तिच्या पृथ्वीचा नंबरच वेगळा आहे, ८२८, आणि शेवटी दरवाजा किलकिला ठेवलाय. दोन्ही एकत्र.

भाच्याला एवढं सगळं सांगून झालं. त्याच्या वुल्व्हरीनचं उत्तर म्हणजे 'लोगन'मधला मेलेला तो मेलेलाच आहे, २०२४ च्या सिनेमात सुरुवातीलाच त्याची कबर उकरून हाडं बाहेर काढतात, आणि पुढे जो येतो तो दुसऱ्या जगातला, स्वतःच्या माणसांना वाचवू न शकलेला. मग त्याने विचारलं, आणि रॉबर्ट डाऊनी? त्याचा टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, २०१९ ला गेला, आता तोच नट खलनायक डॉक्टर डूम होऊन येणार असं २०२४ मध्ये जाहीर झालं. पात्र वेगळं आहे त्यामुळे नुसता चेहरा परत आला म्हणून मी त्याला काहीच म्हणणार नाही. पण त्या सिनेमात डूमचा मुखवटा निघाला आणि समोर टोनीला गुरू मानणारा टॉमवाला पीटर उभा असला तर तो चेहरा बघून पीटरला टोनी आठवतो का, माझं सगळं लक्ष तिथे असणार आहे.