अक्षरं आपली, आकडे कोणाचे?

इंदूरमधल्या मराठी मंडळांत गणपती जवळ आले की स्मरणिकेच्या बैठका सुरू होतात. यंदा अशाच एका बैठकीत कविता आणि जाहिराती बाजूला राहिल्या आणि सॉफ्टवेअरवरून वाद पेटला. छपाईत उभी हयात गेलेले एक काका म्हणाले, "पानं लावायला पेजमेकर आणि विकतचा फॉन्ट असल्याशिवाय मराठी धड छापली जात नाही. फुकटच्या गोष्टीला कुणी जबाबदार नसतं." नुकतीच आयटीत नोकरीला लागलेली मुलं म्हणाली, "काका, आता सगळं ओपन सोर्स आहे. सॉफ्टवेअरला पैसे मोजणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं." वाद शेवटपर्यंत पैशाभोवतीच फिरला. माझ्या मते या प्रश्नात पैसा ही सगळ्यात किरकोळ बाब आहे.

प्रोग्रॅम माणूस लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. तो झाला सोर्स कोड. त्यापासून प्रोसेसरला कळणारे आकडे तयार होतात आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हाती सहसा हे आकडेच पडतात. कंपनीने सोर्स कोड स्वतःजवळ ठेवला तर ते मालकीचं, म्हणजे प्रोप्रायटरी सॉफ्टवेअर. कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेला कोड पुढे वाटण्याचा हक्क परवान्यातच दिला असेल तर ते ओपन सोर्स. यात किंमत कुठेच येत नाही. रेड हॅट ही कंपनी ओपन सोर्सवर इतकी मोठी झाली की आयबीएमने २०१९ मध्ये तिच्यासाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. उलट ॲक्रोबॅट रीडर वर्षानुवर्षं फुकट मिळतो, पण त्याचा कोड बंद आहे.

मराठी लिहिणाऱ्याला फरक पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. आपण लिहिलेली अक्षरं फाइलमध्ये कोणत्या आकड्यांच्या रूपात ठेवली जातात, आणि त्या आकड्यांवरून अक्षरं काढायचे नियम कोणाच्या ताब्यात असतात, हा खरा प्रश्न आहे. तो नीट समजायचा तर एकच शब्द हातात घेऊ: 'आर्थिक'.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीसाठी ॲस्की नावाची यादी ठरली, तिच्यात १२८ जागा. छोट्या 'डी'चा आकडा १००. पुढे एका बाइटमध्ये बसणाऱ्या २५६ जागा वापरात आल्या, तरी देवनागरीची सगळी जोडाक्षरं त्यांत मावण्यासारखी नव्हती. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. आकडे इंग्रजीचेच ठेवायचे, पण फॉन्टमध्ये १०० या जागी 'डी'ऐवजी 'क'चं चित्र बसवायचं. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्या तोंडावर देवनागरीचा मुखवटा, असा हा प्रकार. मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं कचेऱ्यांपासून टायपिंगच्या दुकानांपर्यंत चाललेला कृतिदेव फॉन्ट असाच आहे.

कृतिदेवात 'आर्थिक' लिहिला की फाइलमध्ये सात खुणा पडतात: व्ही, के, एफ, मोठा एफ, के, मोठा झेड, डी. व्ही म्हणजे 'अ'. के म्हणजे उभी रेघ, ती लागून 'आ' झाला. छोटा एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, मोठा एफ म्हणजे अर्धा 'थ', पुन्हा के म्हणजे त्या 'थ'ची रेघ, झेड म्हणजे रफार आणि डी म्हणजे 'क'. इथे अक्षरं साठवलेलीच नाहीत. साठवले आहेत ते आकाराचे तुकडे, टाइपरायटरच्या खिळ्यांसारखे डावीकडून उजवीकडे. एकच के कधी काना होतो, कधी 'थ'ची कड. ही फाइल कृतिदेव नसलेल्या संगणकावर उघडली की मुखवटा गळून पडतो आणि अर्थहीन रोमन अक्षरं उरतात. दुसरा देवनागरी फॉन्ट लावूनही उपयोग होत नाही, कारण प्रत्येक कंपनीने कोणत्या आकड्यावर कोणता तुकडा बसवायचा हे आपापलं ठरवलं होतं. इंदूरच्या द्विभाषी स्मरणिकेत हिंदी पानं एका फॉन्टात, मराठी पानं दुसऱ्या फॉन्टात, आणि दोन्हींचे तक्ते निरनिराळे, असं सर्रास असतं.

दुसरा रस्ता होता उच्चाराच्या क्रमाने खरी अक्षरं साठवण्याचा. इस्की त्याच विचाराने आली. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. जोडाक्षरांना त्यांत वेगळी जागा नाही. 'आर्थिक' तिथे सहा आकड्यांचा होतो: आ २३१०, र २३५२, पायमोडी (हलन्त) २३८१, थ २३४१, ऱ्हस्व वेलांटी २३६७, क २३२५. आपण बोलतो तसा सरळ क्रम.

पण आता पडद्याचा क्रम बघा. 'र' उच्चारात 'थ'च्या आधी येतो, त्याचा रफार मात्र 'थ'च्या डोक्यावर जाऊन बसतो. वेलांटी उच्चारात 'थ'नंतर येते आणि काढायची असते 'थ'च्या आधी. म्हणजे साठवलेल्या ओळीतले दोन सदस्य विरुद्ध दिशांना हलवावे लागतात. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला शेपिंग इंजिन म्हणतात आणि मला ते संगणकातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

इंजिन आधी मजकुराचे अक्षरसमूह पाडतं: 'आ', 'र्थि', 'क'. मधल्या समूहात त्याला दिसतं की सुरुवातीला 'र' आणि पायमोडी आहे, पुढे आणखी एक व्यंजन आहे. म्हणजे हा 'र' रफार होणार, म्हणून 'थ' हे समूहाचं मुख्य अक्षर ठरतं. वेलांटीवर 'मुख्य अक्षराच्या आधी' अशी खूण असते, ती समूहाच्या सुरुवातीला सरकते. रफार 'थ'नंतर जातो. मग इंजिन फॉन्टमधली अदलाबदलीची कोष्टकं उघडतं: 'र' आणि पायमोडी या जोडीच्या जागी रफाराचं एकच चित्र ठेव, अर्ध्या व्यंजनाच्या जागी त्याचं अर्धं चित्र ठेव, वगैरे. चांगल्या फॉन्टात वेलांटीचीही अनेक रुंदींची चित्रं असतात, कारण तिची कमान पुढच्या अक्षराच्या रेघेपर्यंत पोचली पाहिजे. 'क'ला ती लांब लागते, 'र'ला आखूड. शेवटी जागांची कोष्टकं सांगतात की या 'थ'वर रफार नेमका कुठे टेकवायचा. हे सगळं फोनवर मेसेज वाचताना दर ओळीला घडतं.

मराठीची स्वतःची पंचाईत आणखी वेगळी आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन वेगळे शब्द. दुसऱ्यातला 'ऱ्य' लिहायच्या दोन पद्धती रूढ झाल्या: २३५३ क्रमांकाचा खास 'ऱ' वापरायचा, किंवा साधा 'र', पायमोडी आणि तिच्यामागे ८२०५ हा न दिसणारा जोडचिन्हाचा आकडा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एक लिहिलेला दुसऱ्याला सापडत नाही. तसंच 'ल' आणि 'श' यांचं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' ठरवून दिले, हिंदीत त्यांची वळणं निराळी चालतात. एकाच फॉन्टात दोन्ही वळणं ठेवून 'मजकूर मराठी असेल तर हे वापर' असा नियम घालता येतो. खुल्या परवान्याच्या फॉन्टात हा नियम नसेल तर जाणकाराला तो स्वतः घालून पुढे वाटता येतो. बंद फॉन्ट असेल तर कंपनीला विनंतीपत्र लिहावं लागतं.

या निमित्ताने एका फॉरवर्डबद्दल बोलायलाच हवं. 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, नासाने मान्य केलं' हा मेसेज आपल्याकडे दर गुढीपाडव्याला फिरतो. त्याचं मूळ १९८५ मध्ये एआय मॅगझिनमध्ये आलेल्या रिक ब्रिग्ज यांच्या लेखात आहे. संस्कृत वैयाकरणांची वाक्यविश्लेषणाची पद्धत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतली ज्ञान मांडण्याची पद्धत यांत साम्य आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. नासाने कोणत्याही भाषेला प्रमाणपत्र दिलेलं नाही. देवनागरी संगणकावर नीट उमटते ती कोण्या जन्मजात गुणामुळे नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं बसून रफाराचे नियम लिहिले म्हणून उमटते.

आणि ते नियम आज बहुतांशी एका ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये आहेत: हार्फबझ. बेहदाद एस्फाहबोद यांनी नव्याने लिहिलेलं हे इंजिन ॲंड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये आहे. इतकंच नाही, ॲडोबीचे फोटोशॉप आणि इनडिझाइन हे विकतचे, बंद प्रोग्रॅमही ते वापरतात, कारण हार्फबझचा परवाना तशी मुभा देतो. म्हणजे काकांनी उद्या इनडिझाइन विकत घेतलं तरी त्यातला 'आर्थिक' कदाचित मुलांच्या ओपन सोर्सनेच जुळवलेला असेल.

कोड उघडा असण्याचा उपयोग काय, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये दिसलं. एक तेलुगू अक्षरसमूह आला की आयफोनवरची ॲप्स बंद पडू लागली. ॲपलचं शेपिंग इंजिन बंद कोडचं, त्यामुळे बाहेरच्या प्रोग्रॅमरांना निरनिराळे समूह टाकून अंदाज बांधत बसावं लागलं. तेव्हा कळलं की दोष एकट्या तेलुगूत नाही. बंगाली आणि देवनागरीतल्याही काही विशिष्ट समूहांनी तेच होतं. हार्फबझमध्ये असा दोष निघाला तर कोणालाही कोडची ओळ उघडून कारण शोधता येतं. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ॲपलने काही दिवसांतच आयफोनच्या प्रणालीची ११.२.६ ही दुरुस्त आवृत्ती थेट ग्राहकांच्या फोनपर्यंत पोचवली. हार्फबझमधली दुरुस्ती जुन्या ॲंड्रॉइड फोनपर्यंत पोचणं मात्र फोनच्या कंपनीने अपडेट पाठवण्यावर अवलंबून असतं, आणि पुष्कळ फोनना ते येतच नाहीत.

बैठकीतल्या मुलांचा आणखी एक दावा मला पटला नाही: कोड सगळ्यांसमोर असतो म्हणून ओपन सोर्स सुरक्षितच. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स प्रोग्रॅममधला हार्टब्लीड हा दोष २०१२ च्या आवृत्तीत शिरला आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. मधली दोन वर्षं कोड सगळ्यांसमोरच होता. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला, तो आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं म्हणून. कोड उघडा होता म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आलं हे खरं, पण कुणीतरी बघावं लागतं.

काकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. १९९० च्या दशकात मराठी छापखाने संगणकावर आले ते सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्टवर आणि पुण्याच्या श्रीलिपीसारख्या विकतच्या सॉफ्टवेअरवर. तेव्हा ओपन सोर्सकडे मराठी छापखान्यांना देण्यासारखं फारसं काही नव्हतं. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, आणि त्याची अक्षरं आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांची. पानं लावण्याच्या स्क्रायबस या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या २०१७ च्या चाचणी आवृत्तीत आल्या आणि रोजच्या वापराची १.६ ही आवृत्ती यायला २०२४ उजाडलं. तोवर छापखानेवाल्याने काम थांबवून बसायचं होतं का?

पण पेजमेकरचं पुढे काय झालं हेही त्याच प्रामाणिकपणे बघावं लागतं. सातवी आवृत्ती २००१ ची, तीच शेवटची. इनडिझाइनने पेजमेकरच्या फाइली उघडणं सीएस ६ नंतर बंद केलं. २०१५ मध्ये लिबरऑफिसच्या ४.४ आवृत्तीत त्या उघडायची सोय आली, ती त्या बंद फाइलींची रचना तपासून काढणाऱ्या ओपन सोर्स मंडळींमुळे. पान उघडतं, पण मजकूर जुन्या फॉन्टचे तुकडेच असतो. तो युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम तुकड्यांचा तक्ता लावून, वेलांटी आणि रफार उलट्या दिशांनी सरकवून पुन्हा अक्षरं जुळवतो. त्या विशिष्ट फॉन्टचा तक्ता कोणीच केला नसेल, तर छापील प्रत समोर ठेवून तुकडा न् तुकडा ओळखत तो तयार करावा लागतो.

म्हणून माझं मत असं: पानं लावायचं हत्यार विकतचं असो की खुलं, हाताला जे बसेल ते घ्यावं. अक्षरांचे आकडे मात्र युनिकोडचेच हवेत. त्यासाठी टायपिंग नव्याने शिकावं लागेल ही भीतीही खरी नाही. कळफलकाची मांडणी आणि साठवायचे आकडे या वेगळ्या गोष्टी आहेत. मध्य प्रदेशच्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्याच्या परीक्षेत रेमिंग्टन गेल मांडणीवर बोटांच्या जुन्या सवयीने टाइप करतात आणि मजकूर युनिकोडमध्ये उमटतो.

आपला छापखाना काय वापरतो हे तपासणं सोपं आहे. पीडीएफमधली एखादी ओळ कॉपी करून फोनवर पेस्ट करा. रोमन अक्षरं आली तर जुना फॉन्ट आहे. देवनागरी आली, पण वेलांट्या मागेपुढे झाल्या, तर मजकूर युनिकोडचा असून पीडीएफने फक्त चित्रांचा क्रम ठेवला असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे पीडीएफबरोबर मूळ मजकुराची ओडीटी किंवा साधी टेक्स्ट फाइलही मागून घ्यावी, आणि ते अंक छापून झाल्यावर नाही, काम देतानाच सांगावं.