पिशवीचा कॅन्सर आणि मोबाइलमधलं ध्यान

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून डॉक्टरांसाठी काही सूचना काढल्या. कॅन्सरच्या रुग्णाला चिंता किंवा उदासी जाणवत असेल, तर उपचार चालू असतानाही आणि संपल्यावरही माइंडफुलनेसवर, म्हणजे श्वासाकडे आणि चालू क्षणाकडे लक्ष ठेवण्याच्या सरावावर, आधारित कार्यक्रम सुचवावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. गाठ त्याने विरघळते, असा दावा कुणीही केलेला नाही. पण मनाच्या त्रासासाठी इतक्या ठामपणे शिफारस व्हावी आणि ती पुढे मोबाइलच्या ॲपपर्यंत पोचावी, याला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या नागपूर-अमरावतीकडूनही जातो.

आधी आजाराविषयी. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बोलण्यातल्या ‘पिशवीच्या’, कॅन्सरच्या सुमारे १ लाख २४ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि ७७ हजारांहून जास्त बायका त्याने दगावल्या. हा कॅन्सर वेळेत सापडण्यासारखा आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची कधीतरी तपासणी झालेली निघाली. बाकीच्या अंगावरून पांढरं जातं, पाळी गेल्यावरही लाल दिसतं, म्हणून गावच्या दवाखान्यात गोळ्या घेत राहतात. सोयाबीन निघू दे, कापसाची वेचणी होऊ दे, मग बघू, असं करत दिवस जातात. नागपूरला पोचेपर्यंत ऑपरेशनची वेळ बहुतेक वेळा टळलेली असते आणि उरते ती ‘लाइट’, म्हणजे रेडिएशन.

या लाइटचं आजचं वेळापत्रक १९९९ मध्ये ठरलं. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर जास्त बायका वाचतात, हे त्या वर्षी एकामागून एक आलेल्या चाचण्यांत दिसलं आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने फेब्रुवारीत सगळ्या डॉक्टरांना तसं कळवलं. तेव्हापासून क्रम साधारण ठरलेला आहे. शनिवार-रविवार सोडून रोज मशीनखाली, असे पाच आठवडे. आठवड्यातून एकदा केमोची सलाईन. त्यानंतर आतून द्यायची लाइट, म्हणजे ब्रॅकिथेरपी. हे सगळं आठ आठवड्यांत उरकावं लागतं, लांबलं तर गुण कमी येतो. मशीनखालची वेळ काही मिनिटांचीच असते, दिवस जातो तो वाट पाहण्यात. भामरागड किंवा सिरोंच्याहून आलेली बाई रोज घरी जाऊन परत येऊ शकत नाही. ती धर्मशाळेत राहते, नाहीतर नातेवाइकाच्या एका खोलीत, आणि घरची म्हैस, शाळेतली पोरं, कर्जाचा हप्ता सगळं डोक्यात घेऊन रांगेत बसते. ब्रॅकिथेरपीच्या वेळी तर योनीमार्गात उपकरण बसवून निपचित पडून राहावं लागतं. वेदनाशामकं मिळतात, पण लाजेवर आणि भीतीवर औषध नसतं. ‘जीव घाबरते, झोप येत नाही, इचार चालूच राहते’ असं ती सांगते तेव्हा फार तर झोपेची गोळी मिळते.

मनाचा हा त्रास मोजायचा असतो, हे वैद्यकशास्त्राला तसं उशिराच सुचलं. १९६१ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांची एक पाहणी झाली, तेव्हा दहांतले नऊ जण कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगत नसत. १९७९ मध्ये तशीच पाहणी पुन्हा झाली आणि ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत चित्र पार पालटलं. मधल्या काळात, १९७७ मध्ये, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी वेगळी मानसोपचार सेवा उभी केली. निदान सांगितलंच नाही, तर त्याची भीती कशी वाटते हे विचारायचं कसं? म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे अजून ‘तिला सांगू नका डॉक्टर, ती खचून जाईल’ हे वाक्य रोज ऐकू येतं. नवऱ्याला ठाऊक, पोराला ठाऊक, आणि तिला सांगितलेलं असतं ‘पिशवीला सूज आहे’. आता कॅन्सरसाठी बनवलेलं कोणतंही ध्यानाचं ॲप उघडा. बहुधा सुरुवातीलाच कॅन्सर हा शब्द येतो. ॲप गावाकडे आणायचं म्हणणाऱ्यांनी भाषांतराच्या आधी या लपवाछपवीचं काय करायचं ते ठरवावं.

ध्यानाची वाट दुसरीकडून येते, तीही दुखण्यातूनच. ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने इतके हैराण होते की त्यांना मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यापायी १९५५ मध्ये ते रंगूनला ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. पुढे बोधगयेच्या शिबिरांना आलेल्या परदेशी तरुणांत शेरॉन साल्झबर्ग आणि जोसेफ गोल्डस्टीन होते. या मंडळींनी अमेरिकेत परतल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावी ध्यानकेंद्र काढलं. तिथल्याच एका शिबिरात १९७९ मध्ये रेणूजीवशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या जॉन कबात-झिन यांच्या डोक्यात कल्पना आली की हे सारं रुग्णालयात का नेऊ नये? त्याच वर्षी वूस्टरच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला, तो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. सुरुवातीचे रुग्ण होते जुन्या दुखण्याने कंटाळलेले, ज्यांच्यापुढे डॉक्टरांनीही हात टेकले होते. श्वासाकडे लक्ष, पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत शरीर न्याहाळणं, थोडी आसनं, घरी ऐकायला कॅसेट. धर्माचं नाव त्यांनी मुद्दाम काढून टाकलं. ते गेल्याचं दुःख असणारे लोक आहेत, मी त्यांतला नाही. रुग्णालयाच्या दारातून आत शिरायला तेवढं करावंच लागलं असतं.

कॅन्सरच्या वॉर्डात हे नेलं ते कॅनडातल्या कॅलगरीच्या मायकेल स्पेका आणि लिंडा कार्लसन यांनी. २००० मध्ये त्यांनी ९० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सात आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर मनाचा ताण, चिडचिड, उदासी बरीच उतरलेली दिसली. त्यानंतरही बरेच अभ्यास स्तनाच्या कॅन्सरभोवती फिरत राहिले. पिशवीच्या कॅन्सरच्या बायकांचं खास दुखणं माइंडफुलनेसने हाताळलं ते व्हँकुव्हरच्या लोरी ब्रोटो यांनी. ऑपरेशन-रेडिएशननंतर योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होतो, पाळी एकदम बंद होते, नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं. ब्रोटो यांनी अशा २२ बायकांबरोबर माइंडफुलनेस आणि माहिती अशी जोड देऊन केलेलं काम २००८ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि २०१२ मध्ये तुलनात्मक चाचणीही. इच्छा, उत्तेजना, समाधान यांत सुधारणा दिसली. संख्या लहान होती, हे खरं. पण प्रश्न विचारला गेला. विदर्भातल्या खेड्यात तो कोण विचारतं? चाळिशीतली बाई लाइट घेऊन घरी येते आणि वर्षभरात नवरा-बायकोचं बोलणं तुटतं. सासू म्हणते आजाराने तिचा स्वभाव बदलला. डायलेटर, म्हणजे योनीमार्ग आखडू नये म्हणूनची नळी, वापरायचा असतो, हे सांगायला ओपीडीच्या गर्दीत कुणाला सवड नसते, आणि सांगितलंच तर ते नवऱ्याच्या देखत, खालच्या आवाजात, अर्धवट. ध्यानाच्या ॲपच्या यादीत झोप सापडते, चिंता सापडते, हे दुखणं बहुधा सापडत नाही.

वर्गातून पडद्यावर येण्याचं कारण अंतर. कॅलगरीच्याच गटाने आल्बर्टा प्रांताच्या आडगावातल्या रुग्णांसाठी हा वर्ग ऑनलाइन घेऊन पाहिला आणि २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले, कारण शहरापर्यंत येणं त्यांना झेपत नव्हतं. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या २४५ रुग्णांवरच्या चाचणीत समोरासमोरचा वर्ग आणि इंटरनेटवरचा वर्ग, दोन्हींचा गुण आला. दरम्यान बाजारही धावत होता. बौद्ध भिक्खू राहून आलेल्या अँडी पुडिकोम यांनी भागीदारासोबत २०१० मध्ये लंडनला हेडस्पेस ही ध्यान शिकवणारी कंपनी काढली, २०१२ मध्ये ‘काम’ (Calm) हे ॲप आलं. अमेरिकेतल्या कैसर परमनंटी या आरोग्यसेवा संस्थेने हेडस्पेसचं ॲप रुग्णांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना आठ आठवडे वापरायला दिलं, आणि रुग्णांचं जगणं थोडं सुसह्य झाल्याचं २०१९ मध्ये नोंदवलं. ऑनलाइन वर्गात शिकवणारा माणूस निदान पलीकडे असतो. तयार ॲपमध्ये तोही नसतो, फक्त रेकॉर्ड केलेला आवाज.

इकडे विदर्भात ध्यान कधी एकट्याचं नव्हतंच. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून गावोगावी नेलं ते पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ते अजून कितीतरी गावांत चालू ठेवलं आहे. महाराज स्वतः १९६८ मध्ये कॅन्सरने गेले आणि नागपूरचं कॅन्सर रुग्णालय त्यांच्या नावाने आहे. लाइटसाठी येणारी बाई त्या नावाच्या पाटीखालून आत जाते. दुसरीकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला आणि लाखोंना दिला, त्यानंतर वस्तीवस्तीत विहारं झाली. पुढे नागपूरजवळ धम्म नाग हे विपश्यना केंद्रही आलं. वूस्टरला ज्यातून धर्म गाळून टाकला, ते आनापान, म्हणजे येता-जाता श्वास पाहणं, इथे विहारात बसून शिकलेल्या बायका आहेत. त्यांना श्वास बघायला शिकवायला लंडनचा आवाज लागत नाही.

मग ॲप कशाला? याचं उत्तर फोनच्या इतिहासात आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. तरी त्या २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरायचा फोन असलेल्या बायका ४७ टक्केच होत्या, आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या चारांतली एक. खेड्यात फोन बहुतेक पोराच्या हातात असतो. ॲप ज्या गोष्टी गृहीत धरतं, स्वतःचा फोन, बंद होणारं दार, दहा मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी वेळ, त्या तिला घरी मिळत नाहीत. मिळतात त्या फक्त नागपूरच्या पाच आठवड्यांत. सोबत आलेल्या मुलीचा फोन असतो, कानात घालायला पन्नास रुपयांचे इअरफोन असतात, आणि नंबर येईपर्यंत तास-दोन तास कुणी काम सांगत नाही. माझ्या मते ॲपची खरी जागा तिथे, लाइटच्या बाहेरच्या बाकावर आहे. विहारात किंवा प्रार्थनेला जे दहाजणींत करता येतं, ते एकटीला, उपकरण बसवलेल्या अवस्थेत करायची वेळ येते तेव्हा कानातला ओळखीचा आवाज उपयोगी पडतो.

तो आवाज मराठीत हवा, जमलं तर वऱ्हाडी वळणाचा. आणि शरीर न्याहाळण्याचा सराव ओटीपोटापाशी आला की काही जणींना धडकी भरते, म्हणून तिथे ‘नको वाटलं तर पुन्हा श्वासाकडे या’ एवढं वाक्य असायला हवं. नामांकित ॲप मुळात इंग्रजीत घडलेली आहेत, त्यामुळे मराठीत बरंच नव्याने रेकॉर्ड करावं लागेल. त्याला फार पैसा लागत नाही. समुपदेशक, रेडिएशन विभागातली सिस्टर आणि आधी लाइट घेऊन बरी झालेली एखादी बाई एवढे लोक पुरेत. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवता येते, डाउनलोड झाली की रेंज नसलेल्या गावातही चालते. जिला नुसता श्वास पुरत नाही, रात्र रात्र रडू येतं किंवा जगणं नको वाटतं, तिच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे. १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. साध्या बटणांच्या फोनवरूनही लागते.