संविधान सभा (भारत)

स्वतंत्र भारताचे संविधान तयार करणारी प्रतिनिधींची सभा. ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत तिची पहिली बैठक भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने संविधान स्वीकारले. अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१५ ऑगस्ट १९४७ला देशाजवळ कायदा नव्हता असे नाही. १९३५चा भारत सरकार कायदा जरूर ते फेरफार करून चालू ठेवला होता आणि पुढची सुमारे अडीच वर्षे कारभार त्यावरच चालला. मग तोच सुधारून का घेतला नाही? एक तर तो ब्रिटिश पार्लमेंटने केलेला होता. त्यात नागरिकांना मूलभूत हक्क नव्हते, मतदान मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी बांधलेले होते, आणि त्याच्या ९३व्या कलमाखाली गव्हर्नर प्रांताचा सगळा कारभार स्वतःच्या हाती घेऊ शकत असे. १९३९मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर मुंबईसह अनेक प्रांतांत तसेच झाले. सत्तेचा उगम जनतेत आहे हे तत्त्व अशा कायद्याला ठिगळे लावून आणता येत नाही. म्हणूनच नव्या संविधानाच्या शेवटच्या, ३९५व्या कलमाने १९३५चा कायदा आणि १९४७चा भारतीय स्वातंत्र्य कायदा असे दोन्ही रद्द केले. संविधानाला गव्हर्नर जनरलची संमतीही घेतली नाही. सभेच्या अध्यक्षांची सही पुरेशी मानली.

प्रांतांतल्या प्रतिनिधींना प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी निवडले होते. संस्थानांचे प्रतिनिधी पुढे येत गेले. सर्वांना मताधिकार नसताना निवडलेल्या सभेला संविधान करण्याचा अधिकार कसा, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो खोटा नव्हता. पण मोजक्यांच्या मतांवर आलेल्या याच सभेने ३२६व्या कलमाने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. जगात फार थोड्या विधिमंडळांनी आपल्याच मतदारसंघाची वेस इतकी दूर नेली असेल.

मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभेच्या कामाच्या १६५ दिवसांपैकी ११४ दिवस मसुद्याच्या चर्चेत गेले. मसुदा समिती सात जणांची खरी, पण कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी होते, कोणी दिल्लीपासून दूर. शेवटी भार आंबेडकरांवर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभेतच सांगितले. आंबेडकर प्रथम बंगालमधून निवडून आले होते. फाळणीत ती जागा गेली, तेव्हा मु. रा. जयकर यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते मुंबई प्रांतातून पुन्हा सभेत आले.

१७ ऑक्टोबर १९४९ची बैठक पाहण्यासारखी आहे. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. हा विषय मताला टाकू नये, अशी विनवणी झाली. कामत हटले नाहीत. हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे असे, की जी उद्देशिका विचार, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य देते तिनेच सर्वांवर एक श्रद्धा लादू नये. हात वर झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. आपल्याला प्रिय असलेली गोष्ट दुसऱ्यावर बंधन म्हणून घालायची नाही, हा संयम संविधान लिहिणाऱ्याच्या अंगी लागतो. इथे तो दिसतो.

स्वातंत्र्यानंतर हीच सभा देशाचे कायदेमंडळही झाली. दोन्ही कामे वेगळी राहावीत म्हणून कायदेमंडळाच्या बैठका स्वतंत्रपणे भरत आणि तिथे अध्यक्षस्थानी राजेंद्र प्रसाद नव्हे, तर ग. वा. मावळंकर असत. ही विभागणी केवळ सोयीची नव्हती. कायदा करणारा आजच्या बहुमताचे काम पाहतो; संविधान करणाऱ्याला उद्या आपण अल्पमतात असू हे धरून लिहावे लागते. ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात आंबेडकरांनी हा भेद नेमका धरला: संविधान सभेला पक्षीय हेतू नाही, पुढची संसद मात्र आपल्या पक्षाच्या कायद्यांतले अडथळे दूर करण्यासाठी संविधान बदलू पाहील, म्हणून दुरुस्तीची वाट अवघड हवी. ३६८व्या कलमातल्या दोन तृतीयांशाच्या अटीमागे हे कारण आहे.

दोन भूमिका एकाच सभागृहाकडे असणे जोखमीचे असते. नेपाळात २००८ साली निवडलेली संविधान सभा संसदही होती. मुदतवाढी घेऊनही ती मे २०१२मध्ये संविधानाविना संपली आणि ते २०१५मध्ये दुसऱ्या सभेकडून आले.

भारतात संविधान लागू झाल्यावर हीच सभा हंगामी संसद झाली. भाषणस्वातंत्र्य, जमीनदारी आणि राखीव जागा यांवरील न्यायालयीन निकाल सरकारला अडचणीचे ठरले, तेव्हा जून १९५१मध्ये तिनेच पहिली घटनादुरुस्ती केली. सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती, म्हणून श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्यासह अनेकांनी तिला कडाडून विरोध केला. प्रौढ मतदानाने निवडलेली पहिली लोकसभा १३ मे १९५२ रोजी बसली. दोन दिवसांनी तिने अध्यक्ष निवडला: मावळंकर.