विजयभट्टारिका: एक राणी, एक कवयित्री आणि दोन नोंदी

सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यात नेरूर आणि वेंगुर्ले तालुक्यात कोचरे अशी दोन गावं आहेत. बदामीच्या चालुक्य घराण्यातल्या विजयभट्टारिका या राणीची जवळजवळ सगळी ओळख या दोन गावांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ताम्रपटांवर उभी आहे. कोरीव लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी ते एकोणिसाव्या शतकात वाचून छापले. दोन्ही दानपत्रं तिने स्वतः दिलेली आहेत. त्यांत ती दुसऱ्या पुलकेशीचा मुलगा चंद्रादित्य याची पत्नी आणि पहिल्या विक्रमादित्याची भावजय म्हणून येते.

काळ धामधुमीचा होता. ६४२च्या सुमारास पल्लवांनी बदामी घेतली आणि पुढची बारा-तेरा वर्षं चालुक्यांची घडी विस्कटलेलीच राहिली. ६५५च्या सुमारास विक्रमादित्याने ती पुन्हा बसवली. नेरूरचा ताम्रपट साधारण ६५९चा आहे आणि त्यात ‘स्वराज्या’चं पाचवं वर्ष असा उल्लेख आहे. हे राज्य कोणाचं? नवऱ्याचं, दिराचं की तिचं स्वतःचं? अभ्यासकांचं यावर एकमत नाही. तरी राणी स्वतःच्या नावाने जमीन दान करते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ओळख पटवण्यातली पहिली अडचण नावातच आहे. ‘भट्टारिका’ म्हणजे पूज्य स्वामिनी आणि ‘महादेवी’ म्हणजे पट्टराणी. विजयभट्टारिका, विजयमहादेवी ही दोन्ही रूपं तिच्यासाठी वापरली जातात. बिरुदं बाजूला केली की हाती उरते फक्त ‘विजया’, आणि त्या काळात या नावाच्या स्त्रिया काही थोड्या नव्हत्या.

दुसरी अडचण काव्यातून येते. संस्कृत सुभाषितसंग्रहांत विज्जका किंवा विज्जिका नावाच्या कवयित्रीचे श्लोक आहेत. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या जल्हणाने १२५८च्या सुमारास ‘सूक्तिमुक्तावली’ सिद्ध केली. तिच्यात राजशेखर या जुन्या संस्कृत कवीच्या नावावर एक श्लोक आहे: कर्णाटी विजयांका ही जणू सरस्वतीच, वैदर्भी शैलीत कालिदासानंतर तीच. ही विजयांका म्हणजेच विज्जका असं धरून, कर्णाटक, विजया आणि राजघराणं असा धागा जुळवून अनेकांनी राणी आणि कवयित्री एकच ठरवल्या. ओढ समजण्यासारखी आहे; कोकणात दान देणारी राणी कालिदासाच्या पंगतीला बसावी, असं कोणाला वाटणार नाही?

पण विज्जकेचाच एक श्लोक आड येतो. नीलकमळाच्या पाकळीसारख्या सावळ्या मला न ओळखता दंडी या काव्यशास्त्रकाराने सरस्वतीला ‘सर्वशुक्ला’ म्हटलं ते फुकटच, असं ती ठणकावते. म्हणजे दंडीच्या ‘काव्यादर्शा’तलं मंगलाचरण तिला पाठ होतं. दंडीचा काळ सर्वसाधारणपणे ७००च्या आसपास धरतात. तो बरोबर असेल तर ६५९मध्ये दान देणारी राणी हा श्लोक लिहील कशी? त्यात भर म्हणून १९२९ साली छापलेलं ‘कौमुदीमहोत्सव’ हे नाटकही विज्जिकेचं मानलं गेलं. आधार काय, तर प्रस्तावनेत कर्त्याच्या तुटलेल्या नावातून उरलेली शेवटची अक्षरं.

विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पात, म्हणजे खुल्या माहितीसाठ्यात, हा गुंता थेट समोर येतो, कारण तिथे प्रत्येक व्यक्तीला एकच क्रमांक असतो. दोन नोंदी एकत्र केल्या की राणीचा नवरा कवयित्रीला मिळतो, कवयित्रीचे श्लोक राणीला मिळतात, आणि ग्रंथालयांच्या नामसूचींशी जोडलेले दुवेही सरमिसळ होतात. मग कोणती माहिती ताम्रपटातली आणि कोणती तर्कातली, हे निवडणं जिकिरीचं होतं. ‘हीच व्यक्ती असल्याचं म्हटलं जातं’ असा गुणधर्म, म्हणजे दोन नोंदींमधलं नातं सांगणारा रकाना, तिथे अशाच प्रसंगासाठी आहे. माझ्या मते नोंदी दोन ठेवाव्यात, त्या या गुणधर्माने जोडाव्यात आणि तो तर्क कोणी मांडला याचा संदर्भ लगेच द्यावा. कवयित्रीच्या नोंदीत जोडीदाराचा रकाना मात्र रिकामा राहू द्यावा. चंद्रादित्याचं नाव तिथे घालायला या श्लोकांचा आधार नाही.