‘दहा दिवसांपूर्वी तर टेस्ट नॉर्मल आली होती!’

माझे मामा साताऱ्याला शिक्षक आहेत. अंगाने सडसडीत, विडी-तंबाखूचं नाव नाही. चार वर्षांपूर्वी, बावन्नाव्या वर्षी, एके पहाटे ते झोपेतून उठून बसले. छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं दडपण, डावा खांदा जड आणि बनियन घामाने चिंब. मामींना वाटलं, गॅस असेल. त्यांनी ओवा आणि काळं मीठ दिलं, पाठीला बाम चोळला. यात तास गेला. रुग्णालयात पोचले तेव्हा ईसीजीत हृदयविकाराचा मोठा झटका स्पष्ट दिसत होता. बाहेरच्या बाकावर मामी एकच वाक्य घोकत होत्या, "अरे, दहा दिवसांपूर्वी तर स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती!"

पट्ट्यावर चालवत ईसीजी काढायची ती टेस्ट खोटी नव्हती. आपण हृदयाच्या रक्तवाहिनीला नळ समजतो. त्यात वर्षानुवर्षं क्षार साचतो आणि एक दिवस नळ बंद पडतो, असं चित्र डोक्यात असतं. बऱ्याच झटक्यांत घडतं ते वेगळंच.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलएवढी असते. वाईट कोलेस्टेरॉलचे कण तिच्या आतल्या अस्तराखाली शिरतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हे चालतं आणि भिंतीत एक मऊ फोड तयार होतो. वर पातळ साल, आत चरबीचा लगदा. या फोडाने वाट निम्मीही अडवलेली नसते, त्यामुळे चालताना, जिने चढताना काहीच जाणवत नाही आणि स्ट्रेस टेस्टही बिनबोभाट पार पडते. मग एखाद्या पहाटे ती साल फाटते. रक्ताला वाटतं, जखम झाली. तिथे गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट पूर्ण बंद होते. दहा दिवसांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये हे कुठून दिसणार?

यापुढे सगळा खेळ वेळेचा. रक्त थांबल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. म्हणून दुखणं छातीच्या मधोमध, दाबल्यासारखं असेल, जबड्याकडे किंवा हाताकडे जात असेल, सोबत घाम फुटत असेल, तर ओव्याची डबी शोधू नका. १०८ ला फोन करा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर डॉक्टर फोनवरच ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खायला सांगतात. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटण्याचं काम ती रोखते. १९८८ साली सतरा हजारांवर रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्यानंतरच्या पाच आठवड्यांतले मृत्यू नुसत्या ॲस्पिरिनने २३ टक्क्यांनी घटले आणि सोबत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिल्यावर ४२ टक्क्यांनी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र गुठळीला हात लावत नाही. ती फक्त रक्तवाहिन्या सैल करते, आणि रक्तदाब आधीच कमी असेल तर माणूस कोसळू शकतो.

मामांची लगेच अँजिओप्लास्टी झाली. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत गेली, फुगा फुगला, जाळीची स्टेंट बसली. आंद्रेआस ग्रुएन्झिग या डॉक्टरने १९७७ साली झुरिकमध्ये जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत असा फुगा पहिल्यांदा फुगवला. झटका चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते. पण ‘चाललं की छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं’ अशा स्थिर दुखण्यात स्टेंटने त्रास कमी होतो, आयुष्य वाढतंच असं नाही. मोठ्या चाचण्यांत नुसती औषधं घेणाऱ्यांचा निकाल तितकाच चांगला आला. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा, किंवा तिन्ही धमन्या खराब आणि हृदय कमजोर, अशांची गोष्ट निराळी. तिथे बायपासचा विचार करावाच लागतो. बाकी वेळी ‘सत्तर टक्के ब्लॉक आहे’ ऐकून रातोरात पैसे उभे करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मामा तर सडसडीत, मग त्यांना कसा? याचं एक उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंची-वजनाचं गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली चरबी पोटात लपते, काटा काही बोलत नाही. म्हणून टेपने कंबर मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०, यापुढे गेली की साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं. दहा दिवसांपूर्वीच्या त्या टेस्टसोबत मामांची साखर कुणी पाहिलीच नव्हती. ती वाढलेली निघाली. त्यांच्या वडिलांनाही पंचावन्नच्या आत झटका आला होता, तेही कुणी विचारलं नव्हतं.

तंबाखू, मशेरी, विडी हे सगळं झटक्याचा धोका वाढवणारं. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात जादा धोका निम्म्यावर येतो, इतका पटकन फायदा दुसऱ्या कशाने क्वचितच होतो.

आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. जपानच्या अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशा तपासून १९७३ साली या गटातलं पहिलं औषध शोधलं. स्टॅटिनने ब्लॉकेजचे टक्के फारसे उतरत नाहीत. पण फोडातला लगदा आटतो, साल जाड होते, आणि फुटण्याची भीती कमी होते. मामांनी सहा महिन्यांनी ती गोळी बंद केली होती. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय, आता कशाला?" मी कागदावर तो फोड काढून दाखवला, वरची साल पेनने दोनदा गिरवली. त्यांनी तो कागद गोळ्यांच्या डब्यात घडी करून ठेवलाय.