नोटरीचा कागद आणि रजिस्टर केलेला किरायाचा करार, दोन्ही अ‍ॅग्रीमेंट पण काम वेगवेगळं

नागपुरात मानेवाडा, बेसा, झिंगाबाई टाकळी, कुठेही वन बीएचके पाहायला जा, किराया-डिपॉझिटची घासाघीस झाली की घरमालक म्हणतातच, "बाकी काही नाही, 500 च्या स्टॅम्पवर अ‍ॅग्रीमेंट करून टाकू." किरायदारही हो म्हणते, कारण स्वस्तात रूम भेटली हाच आनंद मोठा असते आणि अ‍ॅग्रीमेंट म्हटलं की झालं असं सगळ्यांनाच वाटते. पण नोटरी केलेला कागद वेगळा आणि रजिस्टर केलेला लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता राहायच्या परवानगीचा करार) वेगळा, आणि नागपुरात हे दोन्ही इतके सर्रास एकच समजून राहिले लोक की एकदा नीट लिहावंच म्हटलं.

नोटरीवाला कसा होते तर सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेले असतात, त्यांच्याकडे मजकूर तयारच असते, फक्त नावं, पत्ता आणि रक्कम बदलायची. (मागच्या गिऱ्हाईकाचा फ्लॅट नंबर एखाद्या पानावर तसाच राहून जाते, म्हणून सही करायच्या आधी सगळी पानं वाचा.) प्रिंट निघते, सह्या होतात, नोटरीचं तिकीट आणि गोल शिक्का लागते, त्यांच्या रजिस्टरमध्ये सही केली की अर्ध्या तासात मोकळे. आता तो शिक्का काय सांगते? एवढंच की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. तो खोटा नाही, बेकार पण नाही, पण सरकारच्या दप्तरात त्याची कुठेच नोंद होत नाही.

रजिस्टर केलेला म्हणजे दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) नोंदवलेला. त्याला डॉक्युमेंट नंबर पडते, दोघांचे फोटो अन् अंगठे आधारशी जुळवून घेतात, आणि इंडेक्स-2, म्हणजे त्या नोंदीचा सरकारी उतारा, निघते. लोकांना वाटते यासाठी ऑफिसात दिवसभर बसावं लागते, तसं काही नाही, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवरून ऑनलाइन होते, आणि एजंटला फोन केला तर तो अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येते.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्याचं कलम 55 म्हणते की किरायाचा करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी मेख पुढे आहे, करार रजिस्टर नसेल आणि भांडण झालं तर अटींबद्दल किरायदार जे सांगेल तेच धरलं जाते, घरमालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे "कशाला रजिस्टरच्या भानगडीत पडता" असं जे घरमालक काका म्हणून राहिले ना, धोका त्यांनाच जास्त आहे!

मग घरमालक रजिस्टरला घाबरतात कशाला? याला जुनं कारण आहे. विदर्भात आधी सी.पी. अँड बेरारचा 1949 चा रेंट कंट्रोल ऑर्डर होता, त्यात किरायदाराला घर सोडायची नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. महाल-इतवारीत तेव्हापासूनच्या नाममात्र किरायावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले किरायदार ज्यांनी पाहिले, त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की सरकारी कागद झाला की घर गेलं. पण लीव्ह अँड लायसन्स ही नुसती राहायची परवानगी आहे, मुदत संपली की संपली. कलम 24 प्रमाणे मुदतीनंतरही कोणी घर सोडलं नाही तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठीच नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाऊ शकते आणि राहणाऱ्यावर दुप्पट किराया भरायची पाळी येते. हे शांतपणे समजावून सांगितलं तर अर्धे घरमालक तयार होतात, बाकीचे अर्धे नाही होत, आता काय करता.

करार 11 महिन्यांचाच का करतात तेही ऐकाच. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं आहे, म्हणून पळवाट म्हणून 11 महिने आले. महाराष्ट्रात मात्र कलम 55 महिने मोजतच नाही, 11 चा असला तरी रजिस्टर लागतेच.

खर्चाचं सांगतो, कारण सगळे तिथेच अडतात. समजा किराया 9 हजार, डिपॉझिट 20 हजार, मुदत 11 महिने. किराया झाला 99 हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरायचं म्हणजे साधारण 1,800, आणि या सगळ्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. नोटरीचा तो 500 चा स्टॅम्प यापेक्षा महाग! वरून नोंदणी फी शहरात 1,000, थोडे ऑनलाइनचे चार्जेस आणि एजंट बोलावला तर त्याचे वेगळे. निम्मे-निम्मे करायचं आधीच बोलून घ्या, अकरा महिन्यांत विभागलं तर महिन्याला फार येत नाही.

किरायदाराला याचा उपयोग कुठे पडते तर पत्त्याचा पुरावा म्हणून, आणि मुलाची आरटीई (शिक्षण हक्क कायद्याची) अ‍ॅडमिशन करायची असेल तर हमखास, तिथे भाड्याने राहणाऱ्यांकडून रजिस्टर केलेलाच करार मागतात, नोटरीवाला चालत नाही. फॉर्म निघाल्यावर धावपळ करणारे आईबाप दरवर्षी दिसतात.

पण रजिस्टर झालं म्हणजे सगळं तपासलं गेलं असंही समजू नका. घर खरंच त्या माणसाचं आहे का हे तिथे कोणी पाहत नाही, ते तुम्हीच टॅक्स पावतीवरचं नाव बघून ठरवायचं. पोलीस स्टेशनला किरायदाराची माहिती देणं हेही वेगळं काम आहे. आणि अटी ज्या लिहाल त्याच राहतील, त्यामुळे डिपॉझिट पूर्ण आकड्यात लिहा (20 देऊन कागदावर 10 नको), सबमीटर असेल तर युनिटचा रेट लिहा, आणि बोअरचं पाणी कूलरला वापरता येईल का हे एप्रिलच्या आधी विचारून कागदावर घ्या, कारण मे महिन्यात टाकीवरून जी भांडणं होतात ती डिपॉझिटच्या भांडणापेक्षा काही कमी नसतात.